मराठी गाणं ऑनलाइन ऐकायचं, तर नेमकं कुठे?

ऑनलाइन संगीत ऐकवणाऱ्या बहुतेक कंपन्या स्वतःची ओळख एका आकड्यानं करून देतात. ॲपल म्युझिक आणि स्पॉटिफाय दोघंही आपल्याकडे दहा कोटींहून अधिक गाणी असल्याचं सांगतात. बाकीचे थोडे मागेपुढे. वर्तमानपत्रांतल्या तुलना या आकड्यापासून सुरू होतात आणि महिन्याच्या वर्गणीपाशी संपतात. मराठी गाणं ऐकणाऱ्याला या दोन्हींचा फारसा उपयोग होत नाही. त्याला हवं असतं माणिक वर्मांचं एखादं भावगीत, छोटा गंधर्वांचं नाट्यपद, मल्लिकार्जुन मन्सूरांनी गायलेला एखादा अनवट राग, प्रल्हाद शिंद्यांचं भक्तिगीत किंवा भीमगीत. दहा कोटींत ते आहे का, असलं तर सापडतं का, सापडलं तर पूर्ण आहे का, आणि गाणाऱ्याचं नाव बरोबर लिहिलंय का, एवढंच त्याला विचारायचं असतं. या चार प्रश्नांवर घासून पाहिलं की या सगळ्या ठिकाणांचा क्रम जाहिरातींतल्या क्रमापेक्षा बराच वेगळा लागतो.

घासून पाहायला गीतरामायण घ्यावं. ग. दि. माडगूळकरांचं काव्य आणि सुधीर फडक्यांचं संगीत असलेली ही मालिका पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला सुरू झाली आणि वर्षभर दर आठवड्याला एक गीत या हिशोबानं चालली. त्या वर्षी अधिक मास आल्यानं ५२ ऐवजी ५६ गीतं झाली. रेडिओवर ती माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे, सुरेश हळदणकर, राम फाटक अशा अनेकांनी गायली होती. पुढे एचएमव्हीनं काढलेल्या ध्वनिमुद्रिकांत मात्र सगळी गीतं एकट्या फडक्यांच्या आवाजात आहेत आणि आज घराघरांत ऐकू येतं ते हेच गीतरामायण. त्यानंतर मैफलींची ध्वनिमुद्रणं झाली, श्रीधर फडक्यांनी ते गायलं, नव्या गायक-गायिकांनी गायलं, दुसऱ्या भाषांत अनुवाद झाले.

आता कुठल्याही ॲपमध्ये हे नाव टाकून बघा. देवनागरीत शोधलं तर एक यादी येते, रोमन लिपीत शोधलं तर दुसरी, आणि रोमनमध्ये दोन शब्द जोडून लिहिले की तिसरी. मूळ एचएमव्हीच्या ध्वनिमुद्रिका, त्यांतल्या निवडक दहा-बारा गीतांचे संच, मैफलीतलं निवेदनासह गायन, आणि कुणा हौशी गायकानं परवा टाकलेलं एक गीत, हे सगळं एकाच रांगेत, एकाच मापानं उभं असतं. कुठलं १९५०-६० च्या दशकातलं आणि कुठलं गेल्या वर्षीचं हे कळायला मार्ग नाही, कारण तारखेच्या जागी बहुधा ते गाणं त्या संकेतस्थळावर चढवल्याचं वर्ष असतं. दुसरी अडचण क्रमाची. गीतरामायण ही कुश-लवांनी सांगितलेली गोष्ट आहे. स्पॉटिफायनं २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये भारतातल्या फुकट ऐकणाऱ्यांना गाणी हव्या त्या क्रमानं लावायची आणि मागेपुढे सरकवायची सोय काढून घेतली होती. अशी अट असलेल्या कुठल्याही खात्यावर वनवास आधी आणि रामजन्म नंतर ऐकायची वेळ येते. फुटकळ भावगीतांना या अटीची झळ लागत नाही. गीतरामायणाचा, कीर्तनाचा किंवा विलंबितानंतर द्रुत येणाऱ्या ख्यालाचा मात्र ती जीव घेते.

भारतात या सेवांचा पसारा वाढला तो गेल्या दोनेक दशकांत. सावन २००७ मध्ये, गाना २०१० मध्ये, एअरटेलचं विंक २०१४ मध्ये, ॲपल म्युझिक २०१५ मध्ये. मग २०१९ च्या फेब्रुवारीत स्पॉटिफाय आणि मार्चमध्ये यूट्यूब म्युझिक आलं. वर्षभरानं रेसो. सावन २०१८ मध्ये जिओ म्युझिकमध्ये मिसळून जिओसावन झालं. गानानं २०२२ मध्ये फुकट ऐकवणं थांबवलं आणि पुढे ते रेडिओ मिर्ची चालवणाऱ्या कंपनीकडे गेलं. रेसो २०२४ च्या जानेवारीअखेर बंद पडलं, विंकही त्याच वर्षी गुंडाळलं गेलं. या बंद पडलेल्या ठिकाणी लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या प्लेलिस्ट होत्या: आईच्या आवडीची भजनं, लग्नाच्या हॉलमध्ये लावायची सनई, गणपतीच्या दहा दिवसांच्या आरत्या. म्हणून माझा पहिला सल्ला अगदी साधा आहे. प्लेलिस्ट करा, पण गाण्यांची नावं, गायक आणि संगीतकार एका वहीत किंवा फाइलमध्ये वेगळी लिहून ठेवा. ॲपमधला 'डाउनलोड' हा तुमच्या मालकीचा नसतो; वर्गणी संपली किंवा दुकान बंद झालं की तोही जातो.

चालू असलेल्या सेवेतूनही गाणी नाहीशी होतात. यामागे बहुतेक वेळा लेबल, म्हणजे ध्वनिमुद्रणं काढणारी कंपनी, आणि संकेतस्थळ यांच्यातला पैशांचा वाद असतो. मराठी श्रोत्याला यातलं एक प्रकरण माहीत असायला हवं. एचएमव्ही म्हणजे ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, २००० पासून सारेगामा. जुन्या मराठी भावगीतांचा, नाट्यगीतांचा आणि चित्रपटगीतांचा फार मोठा साठा या एका कंपनीकडे आहे. स्पॉटिफाय भारतात आलं तेव्हा सारेगामाशी त्याचा करार जुळला नाही, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये सारेगामाची सगळी गाणी स्पॉटिफायवरून उतरली. ती परत आली २०२० मध्ये. मधल्या वर्षभरात त्या ॲपवर जुनं मराठी गाणं जवळजवळ नव्हतंच. २०२३ च्या मार्चमध्ये झी म्युझिकचा स्पॉटिफायशी करार संपला तेव्हा त्यांच्या गाण्यांचं असंच झालं. टिप्स आणि विंक यांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये निकाल दिला की रेडिओला कायद्यानं ठरवून दिलेल्या दरात गाणी वाजवायची जी सवलत मिळते, ती इंटरनेटवरच्या सेवांना मिळणार नाही. २०२२ मध्ये खंडपीठानंही तेच कायम केलं. म्हणजे प्रत्येक लेबलशी प्रत्येक ॲपनं स्वतंत्र सौदा करायचा, आणि तो मोडला की त्या ॲपवरची त्या लेबलची गाणी गायब. हे यापुढेही होत राहणार.

वर्गणीच्या सेवांची आपसांत तुलना करायची तर मी इतकंच म्हणेन. नवी चित्रपटगीतं आणि कोळीगीतांची रिमिक्स सगळीकडे सारखीच मिळतात, त्यासाठी डोकं खाजवू नये. जिओसावन आणि गानावर भारतीय भाषांप्रमाणे मांडणी असल्यानं मराठीपुरतं पाहायला सोपं जातं. स्पॉटिफाय तुमची आवड लवकर ओळखतं, पण त्याची ओळख चालू गाण्यांच्या दिशेनं झुकलेली असते. तासभर अभंग ऐकले तरी पुढे येणारी शिफारस पुष्कळदा नव्या वाद्यमेळातल्या भक्तिगीतांची असते. ॲपल म्युझिकनं २०२१ पासून ज्यादा पैसे न घेता लॉसलेस, म्हणजे सीडीच्या दर्जाचा आवाज दिला, आणि चांगले हेडफोन असणाऱ्याला एखाद्या स्वच्छ ध्वनिमुद्रणात तंबोऱ्याची जवारी ऐकताना फरक कळतो. एकाच ठिकाणी पैसे भरायचे असतील आणि जुन्या मराठी गाण्याचं वेड असेल, तर मात्र मी यूट्यूबची वर्गणी सुचवतो. कारण आवाजाचा दर्जा नव्हे, त्यात ते मागेच आहे. कारण असं की जे कुठल्याही लेबलनं कधी विकलंच नाही ते तिथे आहे.

यूट्यूबचा हा भाग नीट पाहण्यासारखा आहे. संग्राहकांनी आपल्याकडच्या तबकड्या, स्पूल आणि कॅसेटवरून उतरवलेलं संगीत तिथे शेकडो तासांचं आहे: नाटकांच्या प्रयोगांत रेकॉर्ड केलेली पदं, आकाशवाणीवरची प्रसारणं, सार्वजनिक गणेशोत्सवातल्या मैफली, भीमजयंतीच्या जलशांतली गाणी. भीमगीतांचा आणि लोकगीतांचा तर मोठा भाग छोट्या कॅसेट कंपन्यांनी काढलेला. वर्गणीच्या ॲपांवर तो तुकड्यातुकड्यांनी दिसतो, यूट्यूबवर भरभरून. प्रसार भारतीनं आपल्या संग्रहातलं बरंच काही स्वतःच्या वाहिनीवर ठेवलं आहे. शास्त्रीय संगीताची ताजी, उत्तम चित्रित केलेली मैफल हवी असेल तर ब्रिटनमध्ये २००६ पासून चाललेल्या दरबार महोत्सवाची वाहिनी आहे. कॅमेरा गायकाच्या हाताइतकाच तबलजीच्या बोटांवर राहतो, शिकणाऱ्यांनी ती जरूर पाहावी.

फुकट ऐकणाऱ्याला तिथे जाहिरातींचा त्रास आहे. आठ मिनिटांहून मोठ्या व्हिडिओच्या मध्ये जाहिरात टाकता येते, आणि मैफलीतला ख्याल आठ मिनिटांत सहसा संपत नाही. समेवर यायच्या क्षणी साबणाची जाहिरात आली की तो राग तिथेच मोडतो. वर्गणी भरायचं खरं कारण हेच. दुसरा दोष माहितीचा. शीर्षकात राग एक आणि गायलेला दुसरा, साथीदारांची नावं नाहीत, साल नाही, ठिकाण नाही. आणि एकानं लावलेली चुकीची ओळ दहा जण जशीच्या तशी उचलतात. अशा वेळी मी आधी व्हिडिओखालचं वर्णन पाहतो. देणाऱ्यानं तबकडीचा क्रमांक किंवा लेबलचा फोटो दिला असेल तर निम्मी शंका मिटते. मग पहिलं अर्धं मिनिट ऐकतो. रेडिओवरून उतरवलेलं असेल तर निवेदक गायकाचं, रागाचं आणि साथीदारांचं नाव सांगतो, आणि ते शीर्षकापेक्षा भरवशाचं असतं. जुन्या तबकड्यांत तर ही सोय शेवटी आहे. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांच्यापासून भारतातल्या व्यावसायिक ध्वनिमुद्रणाला बहर आला, तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिरांना कुठली तबकडी कुणाची ते कळावं म्हणून गाणारे गाणं संपताच स्वतःचं नाव सांगत. सव्वाशे वर्षांपूर्वी आवाजातच नोंदवलेलं ते नाव आज लिहिलेल्या नावापेक्षा विश्वासाचं ठरतं, याचा आजच्या संकेतस्थळांनी विचार करावा.

जुन्या तबकड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे वेग. आपण त्यांना सरसकट ७८ फेऱ्यांच्या म्हणतो, पण विजेच्या मायक्रोफोनआधीच्या काळात, म्हणजे १९२५ च्या आधी, प्रत्यक्ष वेग कमीजास्त असे. ७४ फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी ७८ नं वाजवली तर आवाज जवळजवळ अर्ध्या स्वरानं चढतो. काळी एकचा गायक पांढरी दोनचा होतो, ताना घाईच्या वाटतात आणि आवाजाचा पोत पातळ होतो. बालगंधर्वांच्या आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आवाजाबद्दल नव्या श्रोत्याचं मत अशा वेगानं चढवलेल्या प्रतीवरून बनलं तर तो त्यांच्यावर अन्याय आहे. एकच तबकडी दोन-तीन ठिकाणी शोधून ऐकावी. लांबी दहा-बारा सेकंदांनी वेगळी असेल तर वेगाचा घोळ आहे हे समजावं. तसंच, तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावत, म्हणून केसरबाई केरकरांचा ख्याल ॲपवर तीन मिनिटांचा दिसतो. त्या तेवढंच गात असा समज कुणी करून घेऊ नये. गोव्यातल्या केरीच्या या गायिकेची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, तीही अशीच एक छोटी मुद्रिका.

आवाजाच्या दर्जाबद्दल लोक उगाच फार हुज्जत घालतात. ३२० केबीपीएसनं तासभर ऐकलं तर साधारण १४४ एमबी डेटा जातो, ९६ नं ऐकलं तर ४३. एसटीच्या प्रवासात ९६ पुरे. घरी वायफायवर ३२० लावावं. त्यापुढे जाण्याआधी मूळ ध्वनिमुद्रण कसं आहे ते बघावं. खरखर काढण्याच्या नादात तंबोरा आणि श्वास दोन्ही पुसून टाकलेली प्रत लॉसलेसमध्ये ऐकून काहीही हाती लागत नाही. मला खरखर असलेली, पण अंगानं शाबूत असलेली प्रत केव्हाही चालते.

आता माहितीच्या प्रश्नाकडे सविस्तर येऊ, कारण सगळ्या तुलनेचा गाभा माझ्या मते तोच आहे. या सेवांची घडण पाश्चात्त्य पॉप संगीतावर झालेली: एक गाणं, एक कलाकार, एक अल्बम. मराठी गाण्याला कवी, संगीतकार, गायक, नाटक किंवा चित्रपट आणि बरेचदा राग, एवढ्या ओळखी लागतात. ख्यालाला तर तबला, हार्मोनिअम, सारंगी कुणाची हेही. ॲपवर कवीचं नाव बहुधा मिळत नाही, मिळालं तर तीन ठिकाणी बोट दाबून. 'कट्यार काळजात घुसली' हे उदाहरण घ्या. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक १९६७ चं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. त्यावरचा चित्रपट २०१५ चा, त्यात खाँसाहेबांच्या तोंडची गाणी वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांची. शोधलं की चित्रपट वर येतो, कारण तो नवा आणि जास्त ऐकला जाणारा. दोन्ही उत्तम आहेत, पण नाटकातले वसंतराव हवे असणाऱ्याला वेगळा शोध घ्यावा लागतो, आणि ते दोन वेगळे आहेत हेच ज्याला माहीत नाही त्याला कोणी सांगत नाही.

ही उणीव ज्या ठिकाणानं भरून काढली ते संगीत कंपनीचं नाही, प्रेमापोटी उभं केलेलं आहे. 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर हजारो मराठी गीतांचे शब्द देवनागरीत, शुद्ध आणि गीतकार, संगीतकार, स्वर, नाटक वा चित्रपट, राग, गीतप्रकार अशा नोंदींसह आहेत. अनेक नाट्यपदांखाली ती चाल ज्या मूळ चिजेवरून घेतली तीही दिलेली असते. माझा सल्ला असा की गाणं शोधायची सुरुवात इथून करावी. इथे गायकाचं आणि संगीतकाराचं नाव पक्कं करावं, मग त्या नावानं ॲपमध्ये किंवा यूट्यूबवर शोधावं. ॲपमध्ये शोधताना देवनागरी आणि रोमन दोन्ही करून बघावं, आणि रोमनमध्ये ज्ञ, ळ, ऋ ही अक्षरं असतील तर दोन-तीन प्रकारे लिहून बघावं. ज्ञानेश्वरांचे अभंग ज्ञ च्या एका लिखाणावर सापडत नाहीत आणि दुसऱ्यावर ढीगभर निघतात.

रागाच्या अंगानं ऐकणाऱ्यांसाठी मूळचे गोव्याचे राजन पर्रीकर यांचा संगीतसंग्रह आहे. एकेका रागावर टिपण, त्यातलं चलन, जवळच्या रागांपासूनचा भेद आणि प्रत्येक मुद्द्याला पुरावा म्हणून जुन्या उस्तादांच्या, पंडितांच्या आवाजातले तुकडे. शेरे परखड आहेत आणि सगळेच पटतील असं नाही, पण ऐकून शिकायचं असेल तर एवढं घट्ट काम इंटरनेटवर मला दुसरं दिसलं नाही. तबकड्यांच्या अभ्यासासाठी मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे. सुरेश चांदवणकरांनी तिचं काम वर्षानुवर्षं चिकाटीनं चालवलं आणि 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकाचे अंक आज इंटरनेटवर वाचायला मिळतात. बंगळुरूचं आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक जुन्या तबकड्या डिजिटल करून साउंडक्लाउडवर ऐकवतं. इंटरनेट आर्काइव्हवरही भारतीय तबकड्यांचा मोठा साठा आहे आणि तिथे ऐकायला वर्गणी लागत नाही. पण अशा भक्कम ठिकाणांनाही धोका असतो. ब्रिटिश लायब्ररीवर २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सायबर हल्ला झाला आणि तिचे ध्वनिसंग्रह ऐकायला मिळेनासे झाले; पुढच्या वर्षी त्याच महिन्यात इंटरनेट आर्काइव्हवर हल्ला होऊन ते काही दिवस बंद राहिलं.

एका संग्रहाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण संगीताच्या संकेतस्थळांच्या कुठल्याच तुलनेत त्याचं नाव नसतं. पत्रकार पी. साईनाथ यांच्या 'परी' या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांत फिरून, सहकाऱ्यांच्या मदतीनं एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीनं त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित झाल्या. २०१७ पासून त्या परीवर टप्प्याटप्प्यानं प्रसिद्ध होत आहेत: आवाज, मराठी शब्द, अनुवाद, आणि गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, कामधंदा, ध्वनिमुद्रणाची तारीख. विषयही किती: माहेर, भाऊ, शेती, नवऱ्याचा मार, विठोबा, डॉ. आंबेडकर. कोट्यवधींची गुंतवणूक असलेल्या ॲपांना जी नोंद जमली नाही ती इथे दळण दळणाऱ्या बाईच्या आवाजासाठी केली आहे. नोंद कशी करावी याचा मराठीतला आदर्श हाच.

रेडिओ या यादीत लोक विसरतात. प्रसार भारतीच्या न्यूजऑनएअर ॲपवर आकाशवाणीच्या २४० हून अधिक सेवा थेट ऐकता येतात. मुंबईची अस्मिता वाहिनी, पुणे, नागपूर, विविध भारती, आणि २६ जानेवारी २०१६ पासून चोवीस तास शास्त्रीय संगीत देणारी रागम्. पाहिजे ते गाणं पाहिजे तेव्हा लावता येत नाही, पण निवेदक नाव सांगतो, साथीदार सांगतो, आणि आपण कधी शोधलं नसतं असं काही कानावर पडतं. शिफारशींच्या यंत्रापेक्षा पुणे केंद्रावरच्या सकाळच्या अभंगांनी मला जास्त नवं दिलं आहे. परदेशातल्या मराठी माणसांना याचा विशेष उपयोग. वर्गणीच्या ॲपांवर गाण्यांचे हक्क देशागणिक असतात, म्हणून पुण्यात वाजणारं गाणं न्यू जर्सीत करड्या रंगात दिसतं. जगभरची स्टेशनं ऐकवणारं रेडिओ गार्डनही आहे, पण ब्रिटनमध्ये २०२२ पासून हक्कांच्या अडचणीमुळे तिथून बाहेरच्या देशांतली स्टेशनं लागत नाहीत.

हक्कांबद्दल थोडं स्पष्ट करतो, कारण जुनं ते सगळं मोकळं असा समज सर्रास आहे. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. १९६० मध्ये निघालेली मुद्रिका, मुद्रिका म्हणून, २०२१ पासून मोकळी झाली. पण शब्द आणि चाल यांचे हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, सुधीर फडके २००२ मध्ये. म्हणजे गीतरामायणाचे शब्द २०३७ अखेर आणि चाली २०६२ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. उलट देवल, किर्लोस्कर, खाडिलकर यांची पदं कधीच मोकळी झाली आहेत, आणि बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्याही. संगीत नाटकाचा एवढा ठेवा कायद्यानं मोकळा असताना तो एका ठिकाणी, योग्य वेगात आणि पूर्ण नोंदींसह ऐकायला मिळत नाही, हे महाराष्ट्राला शोभत नाही. राज्य सरकार, विद्यापीठं, नाट्यपरिषद यांपैकी कुणीही हे काम हाती घेऊ शकतं. पैसा फार लागत नाही. जाणकार माणसं लागतात, आणि ती आपल्याकडे अजून आहेत.

आजच्या कलावंतांच्या बाजूनंही पाहायला हवं. स्पॉटिफायनं २०२४ पासून नियम केला की बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचं मानधन मिळणार नाही. कवितेला चाल लावणाऱ्या एखाद्या तरुण मराठी संगीतकाराचं गाणं सहज या रेषेखाली राहतं. अशा कलाकाराचं काम आवडलं तर ते त्याच्याकडूनच विकत घ्यावं. बँडकॅम्पवर गाणी विकत घेतली तर डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के संकेतस्थळ ठेवतं, देयकाचा खर्च वजा जाता बाकीचे कलाकाराला मिळतात, आणि फाइल कायमची तुमची होते. तिथे मराठी कमी आहे; श्रोते गेले तर कलाकारही जातील.

माझा निवाडा असा. एकच ठिकाण पुरणार नाही. गाण्याची ओळख आठवणीतली गाणी किंवा परीसारख्या नोंदींवरून पक्की करावी, रोजचं ऐकणं आकाशवाणी आणि एका वर्गणीच्या सेवेवर ठेवावं, जुनं आणि दुर्मीळ यूट्यूबवर व संग्रहांत शोधावं, आणि जिवंत कलावंताला थेट पैसे द्यावेत. आणि ज्यांच्या माळ्यावर जुन्या कॅसेट किंवा स्पूल पडून आहेत, आजोबांनी रेडिओवरून उतरवलेलं नाट्यगीत किंवा गावच्या सप्ताहातलं कीर्तन आहे, त्यांना माझी विनंती आहे. कॅसेटची फीत दिवसेंदिवस खराब होत असते. ती याच वर्षी डिजिटल करून घ्या. प्रत मूळ वेगात ठेवा, खरखर काढू नका, आणि गाणारा, साथीदार, ठिकाण, साल यांपैकी जे खात्रीनं ठाऊक आहे तेवढंच त्याबरोबर लिहा. तुमच्याकडचं एखादं ध्वनिमुद्रण दुसऱ्या कुणाकडेच नसण्याची शक्यता खरोखरच आहे.